बाबांचं नाव खाली ठेव

संहिता सगळं चार वेळा तपासते, आणि हा एक अर्ज मात्र तिने एकदाही उघडून पाहिला नाही.

सोमवारी सकाळपासून अंबिकाच्या डोक्यात हे एकच वाक्य घोळत होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती चुकली. दूध उतू गेलं. नवऱ्याच्या पिशवीत तिने पोळ्यांचा डबा ठेवला तो रिकामाच. रघुवीरने तो कानाशी नेऊन हलवून पाहिला, "आज माझा उपास आहे काय?" म्हणाला, आणि स्वतःच पोळ्या भरून विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कामावर निघून गेला. त्याला काही माहीत नव्हतं. मुलीला, संहितालाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त अंबिकाला, कारण मेसेज तिच्या फोनवर आला होता. शनिवारी दुपारी. "आपला अर्ज अपूर्ण आहे. दुरुस्तीची अंतिम मुदत सोमवार, सायंकाळी पाच."

आणि शनिवार-सोमवारच्या मध्ये एक अख्खा रविवार होता. त्या रविवारी संहिता घरी होती. जेवली, झोपली, हसली, आणि अंबिका तिला काहीही बोलली नाही.

ही मुलगी लहानपणापासूनच तपासनीस. सहावीत असताना शाळेला निघाली की फाटकापर्यंत जाऊन परत यायची: गॅस बंद आहे ना, मागचं दार लावलंय ना, उद्याचा पेपर उद्याच आहे ना. अंबिका वैतागायची. "अगं, आत्ताच बघितलंस ना?" तर म्हणायची, "आई, तेव्हा इकडून पाहिलं होतं, आता तिकडून पाहते." पुढे मोठी होऊन ती हेच करून पगार घेईल असं कोणाला वाटलं होतं? एका सॉफ्टवेअर कंपनीत तिला नोकरी लागली. काम काय, तर एकच पान सात ब्राउझरमध्ये उघडायचं आणि कुठे काय बिघडलं ते लिहून काढायचं. एकात बटण बरोबर दिसतं, दुसऱ्यात ते अर्धं कापलं जातं, तिसऱ्यात दिसतं पण दाबलं तर ढिम्म हलत नाही.

"पान एकच असतं आई, खिडक्या वेगळ्या," ती समजावून सांगायची. "कोणत्या खिडकीतून ते वाकडं दिसतं, हे बघायचे पैसे मिळतात मला."

"म्हणजे स्थळ बघण्यासारखंच की," रघुवीर म्हणायचा.

"हाओ बाबा. फक्त इथे मुलगा सात-सात वेळा फेल होतो, तरी त्याच्या घरचे पुढच्या हप्त्यात परत पाठवतात."

घरच्या जुन्या लॅपटॉपवर तिने आईसाठी तीन ब्राउझर टाकून दिले होते. त्यांची इंग्रजी नावं अंबिकाच्या तोंडात बसली नाहीत, म्हणून तिने चित्रांवरून नावं पाडली. रंगीत गोल होता ती चकरी, शेपटीवाला तो कोल्हा आणि निळी ती लाट. चकरी सगळं लक्षात ठेवते, नाव लिहायला घेतलं की पत्त्यासकट पुढचं स्वतःच भरते. कोल्ह्याला संहिताने काही लक्षात ठेवायला मनाई केली होती, तो दर वेळी नव्याने विचारतो. लाट कोणी उघडत नसे. लॅपटॉपच्या वर, भिंतीवर, संहिताच्या तिरक्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती: "पान नाही उघडलं तर आधी रिफ्रेश. मग कॅशे खाली कर. मग दुसरी खिडकी. मग दुसरा ब्राउझर. तरी नाही झालं तर माणसाला फोन. रडायचं नाही."

यातली दुसरी पायरी अंबिकाने कधी नीट केलीच नव्हती. कॅशे म्हणजे पानावरच काहीतरी असेल, ते खाली न्यायचं, अशा समजुतीने ती निमूटपणे पान खाली सरकवायची. बहुतेक वेळा तेवढ्यात पान आपोआप उघडायचं, म्हणून कोणाला काही कळलं नाही.

तीन वर्षांपूर्वी संहिता बंगळुरूला गेली होती. मोठी कंपनी, मोठा पगार. चार महिन्यांत परत आली. स्टेशनवर तिला पाहिलं तेव्हा अंबिकाने आधी तिच्या मागे पाहिलं होतं, की आपली मुलगी कुठे राहिली. गळ्याची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "तिथे जेवायचं राहून जायचं, बस." राहून जायचं! एखादा कपडा दोरीवर राहून जावा तसं. त्या दिवसापासून मुलीच्या ताटात किती पोळ्या गेल्या हे अंबिका न बघितल्यासारखं करून बघते.

मग सुधाकरमामांचं ते झालं. सुधाकरमामा म्हणजे अंबिकाचे मोठे भाऊ. इंदुरातच, कृष्णपुऱ्याला समाधीच्या छत्र्यांच्या मागच्या गल्लीत राहतात, पेटी शिकवतात, जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. फोन त्यांना स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, त्यावर ते सगळं करतात. एकदा कसलासा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. संहिता सहज गेली होती, तर मामा खुर्चीत ताठ बसलेले आणि फोन म्हणतोय, "बटण. बटण. बटण."

"पोरी," मामा म्हणाले, "इथे सात बटणं आहेत आणि सातही जणांचं नाव बटण. अशी कोणाच्या घरी पोरं असतात काय? हाक मारली तर येणार कोण?"

संहिता तिथे तीन तास बसली. बनवणाऱ्याने बटणांना नावंच दिली नव्हती. डोळे असलेल्याला चित्र दिसतं, त्याचं काम भागतं. ते पान तिने सातही ब्राउझरमध्ये उघडलं, सातही ठिकाणी ते अगदी सरळ, सुंदर दिसलं. आणि मामांना ते कुठेच दिसत नव्हतं. घरी आली तेव्हा तिचा चेहरा काही वेगळाच होता. "मी इतकी वर्षं चुकीचंच तपासत होते, यार आई," म्हणाली. त्यानंतर तिने पुण्याच्या एका संस्थेतला वर्षभराचा अभ्यासक्रम शोधून काढला. न दिसणाऱ्या माणसांना वापरता येतील अशी पानं कशी बनवायची, ते शिकवतात. जागा बारा. बंगळुरूहून आल्यानंतर पहिल्यांदा मुलगी कशासाठी तरी धडपडताना दिसत होती.

अंबिकाला आनंद झाला. आणि त्याच रात्री तिने मनातल्या मनात पुण्याच्या खोलीत एक न उघडलेला डबाही पाहिला.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला तेव्हा संहिता मानपुरात अडकलेली. हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कंपनीने तिला पंधरा दिवसांसाठी पाठवलं होतं. त्यांच्याकडे अकरा कॉम्प्युटर, अकराही वेगवेगळ्या वयाचे, आणि गाड्यांच्या नोंदीचं पान दर कॉम्प्युटरवर वेगळा तमाशा करायचं. राहायला तिथेच कमलआत्याकडे. गोदाम पत्र्याचं, आत गेलं की फोनची रेंज गायब. अर्ज अर्धा भरून ठेवलेला होता, घरच्या लॅपटॉपवर, चकरीत. ओटीपीसाठी नंबरही तिने आईचाच दिला होता. दुपारी तिचा फोन आला, मागे ट्रकचे भोंगे.

"आई, सुन ना. फक्त पहिलं पान राहिलंय. नावाचं. चकरीत उघड, पासवर्ड ती टाकेल."

"उघडलं. मराठीत केलंय मी पान."

"अरे वा! बघ, माझं नाव टाक, आडनाव पागनीस टाक. आणि बाबांचं नाव..." भोंगा. "...खाली ठेव. समजलं ना? बाबांचं नाव खाली ठेव."

"खाली कुठे?"

"हॅलो? आई? मी निघते हां, इथे ऑफिसातल्या एका भियाचा कॉम्प्युटर बंदच पडलाय..."

अंबिकाने चष्मा लावला. एकाखाली एक चार चौकोन होते. प्रथम नाव, मधले नाव, आडनाव, आणि त्याखाली अन्य नाव असल्यास. चकरीने मधल्या नावात रघुवीर आधीच भरून टाकलं होतं, कधीतरी दुसऱ्या कुठल्या फॉर्ममध्ये लिहिलेलं आठवून. मुलीने सांगितलं तसं अंबिकाने ते तिथून पुसलं आणि खाली, शेवटच्या चौकोनात, नीट लिहिलं. रघुवीर. वडिलांचं नाव मधून काढून शेवटी टाकायचं ही पद्धत तिला काही पटली नाही. पण हल्ली सगळंच उलटं झालंय, असेल. चौकोनाखाली बारीक लाल अक्षरांत एक ओळ होती, अन्य नाव भरल्यास शपथपत्र जोडणे आवश्यक. ती तिने वाचली. पुढचं बटण दाबलं. ओटीपी टाकला. "अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला."

संध्याकाळी संहिताचा फोन. "झालं?"

"झालं."

"बस मग! तू भरलं म्हणजे मला बघायची गरजच नाही."

आणि खरंच, तिने बघितलं नाही. गॅस दोनदा बघणाऱ्या मुलीने.

शनिवारी मेसेज आला तेव्हा अंबिकाने आधी चकरी उघडली. तिथे त्या दिवसाचं पान तसंच होतं, हिरवी खूण आणि यशस्वीरीत्या. तिचा जीव भांड्यात पडला. मेसेज चुकून आला असेल. तरी राहवेना, म्हणून मेसेजमधला अर्जक्रमांक आणि जन्मतारीख टाकून तिने कोल्ह्यात स्थिती पाहिली. कोल्हा म्हणाला, अपूर्ण. कारण, अन्य नावाचे शपथपत्र नाही.

त्या दिवशी ती एकदा चकरी उघडायची, एकदा कोल्हा. यशस्वी, अपूर्ण. यशस्वी, अपूर्ण. शेवटी तिने कोल्हा मिटला आणि चकरी उघडी ठेवून स्वयंपाकाला गेली. ज्या खिडकीतून बरं दिसत होतं तीच खरी, असं तिने ठरवून टाकलं.

रविवारी संहिता आली ती मानपूरचं बोलतच. "काय लोक आहेत आई! एक काका आहेत, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एकावर एक एकशे चाळीस टॅब उघडे. मी म्हटलं, अंकल, हे बंद करून टाकू? तर म्हणतात, नहीं बेटा, सब काम के हैं।"

"तुझे बाबा तसेच," अंबिका म्हणाली. "जुनी वर्तमानपत्रं."

"माझी सगळी कामाची आहेत," आतून रघुवीर.

संहिताने वरणावर सेव घातली, तिसरी पोळी घेतली. तिसरी! "पंधरा तारखेला लिस्ट लागेल," म्हणाली. "नाही लागलं नाव तर नाही लागलं. टेन्शन नको घेऊ."

"मी कुठे घेतेय?"

"चेहरा बघ स्वतःचा. एरर आल्यासारखा आहे."

सगळे हसले. अंबिकाही हसली. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मुलगी तिसरी पोळी खात होती, आणि पुण्याला ती कोण वाढणार होतं? नाव नाही लागलं तर नाही लागलं, असं ती स्वतःच तर म्हणाली. अंबिकाने तिला चौथी विचारली. रात्री बॅग भरताना संहिताने चार्जर चार वेळा तपासला आणि पहाटेच्या बसने मानपूरला गेली.

आता सोमवारचे तीन वाजायला आले होते. अंबिका लॅपटॉपसमोर बसायची, उठायची, गॅलरीत जायची, परत यायची. आपण चुकीचं काय केलं हेच तिला नीट कळत नव्हतं. खाली ठेव म्हणाली, खाली ठेवलं. मग?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला. वर खुशी राहते, भंवरकुआं भागात क्लास करणारी मुलगी, भाड्याने. "आंटीजीऽ, टंकी खाली हो गई क्या? नल में पानी नहीं आ रहा।"

"बेटा, टंकी तो ऊपर ही..." अंबिका म्हणायला गेली, आणि थांबली.

टाकी गच्चीवर होती. आणि टाकी खाली होती.

तिने मोटर चालू केली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. सारा जन्म इंदुरात गेलेला. हिंदी बोलताना खाली म्हणजे रिकामं आणि मराठी बोलताना खाली म्हणजे खाली, हे दोन शब्द तिच्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत ठेवलेले. संहिताच्या डोक्यात मात्र खण एकच. लहानपणी शाळेतून आली की सांगायची, "आई, माझी बाटली खाली झाली," आणि अंबिका, मराठीत बीए झालेली, दर वेळी टोकायची, "खाली नाही, रिकामी. रिकामी म्हण." शेकडो वेळा टोकलं असेल. पोरगी म्हणायची, "तेच ते."

बाबांचं नाव खाली ठेव. चौकोन रिकामा सोड. संहिताच्या इथल्या कोणत्याच कागदावर मधलं नाव नाही, ना आधारवर, ना गुणपत्रिकेवर. संहिता पागनीस, एवढंच. आणि आईने पुण्याला कळवलं होतं की हिला रघुवीर या नावानेही ओळखतात.

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण शब्दाचं एक ठीक होतं, पण त्या लाल ओळीचं काय? ती तर शुद्ध मराठीत होती. ती वाचून आपण बटण का दाबलं? तेव्हा वाटलं होतं, आपल्याला लागू नसेल. तेवढंच वाटलं होतं का? आणि रविवारी? रविवारी तर कोणताच शब्द अडवत नव्हता.

ती लॅपटॉपकडे धावली. आपणच दुरुस्त करू, कोणाला कळायचंही नाही. चकरी अजून यशस्वीरीत्याच म्हणत होती. तिने भिंतीवरची चिठ्ठी वाचली. रिफ्रेश केलं, काही नाही. कॅशे खाली कर. आता कळलं! चकरीने साठवून ठेवलेलं रिकामं करायचं. सेटिंगमध्ये शोधत शोधत ती योग्य जागी पोचली. तिथे चौकोनांची रांग होती, कशाकशावर खूण करायची ते विचारणारी. चष्म्यावर वाफ आल्यासारखं झालं होतं तिला, अक्षरं नीट लागेनात. तिने सगळ्यांवर खूण केली. रिकामं म्हणजे पूर्ण रिकामं.

अर्जक्रमांक टाकून पान परत उघडलं. हिरवी खूण गेली होती. आता चकरीही म्हणत होती, अपूर्ण. खाली दुरुस्तीचं बटण होतं, ते दाबलं, तर पासवर्डचा चौकोन आला. कोरा. सगळं लक्षात ठेवणाऱ्या चकरीला आता काहीच आठवत नव्हतं. खूण केलेल्या रांगेत पासवर्डही होते.

दुसरी खिडकी. कोरा चौकोन. कोल्हा. कोरा चौकोन. लाटसुद्धा उघडून पाहिली, तिने तर अंबिकाला नव्याने स्वागत वगैरे केलं आणि मग तोच कोरा चौकोन दाखवला. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं.

अजूनही पंचावन्न मिनिटं नुसतं बसून राहता आलं असतं. पंधरा तारखेला यादी लागली असती, त्यात नाव नसतं, संहिता एक दिवस गप्प राहिली असती, मग म्हणाली असती, नाही लागलं तर नाही लागलं. रोज संध्याकाळी घरी आली असती. तीन पोळ्या. अंबिकाने हे सगळं डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि ते इतकं सरळ, सुंदर दिसलं की तिला सुधाकरमामांचं ते पान आठवलं.

चिठ्ठीवर एकच ओळ उरली होती. माणसाला फोन.

संहिताचा फोन लागणार नव्हता, ती पत्र्याखाली असणार. गोदामाच्या ऑफिसचा नंबर फ्रिजवर लावलेला होता, अडीअडचणीसाठी म्हणून दिलेला. पासवर्ड तिच्याकडून घ्यायचा, ओटीपी इथे येईल, पाच मिनिटांचं काम. पण त्याआधी एक वाक्य बोलावं लागणार होतं, आणि ते वाक्य अंबिकाने उभ्याउभ्या तीनदा बदललं. मेसेज आत्ताच आला, असं एकदा जुळवलं. मला कळलंच नव्हतं, असं एकदा. मग दोन्ही सोडून दिली. ही मुलगी चार वेळा विचारेल, इकडून एकदा, तिकडून एकदा.

"मेसेज शनिवारी आला होता, बाळा. मी सांगितलं नाही." हे आधी. शब्दाचा घोळ नंतर.

तिने एकेक आकडा फ्रिजवरून मोठ्याने वाचत दाबला, शेवटचे दोन पुन्हा एकदा तपासून पाहिले, आणि फोन कानाला लावला.